खंडेनवमीची बॅट : सामन्यात वापरलेल्या एका वस्तूचं स्थितीवर्णन

परभणीच्या एका घरातून पुण्याच्या एका संग्राहकाला मोबाईलवर आठ फोटो गेले. खाली एकच ओळ होती : "रणजीत वापरलेली बॅट, एकदम उत्तम कंडिशन, जवळपास नवीच." व्यवहार १८,००० रुपयांना ठरला, त्यातले ५,००० आगाऊ पोचले, बॅट पुण्याला गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. संग्राहकाचं म्हणणं असं की बॅटवरचे लाल डाग चेंडूचे नाहीत, रंगानं काढलेले आहेत. शिवाय समोरची अर्धी बाजू घासलेली आहे. म्हणजे कुठली तरी जुनी बॅट घेऊन तिला रणजीची बनवली आहे. घरच्यांना हे फार लागलं. गेलेल्या माणसाच्या नावावर आपण खोटं विकतो असं कुणी म्हणावं, ही गोष्ट त्यांना सोसेना.

दोन्ही बाजूंनी मलाच फोन आला. खेळाच्या जुन्या वस्तूंचं स्थितीवर्णन लिहून देणं हे माझं काम आहे, आणि या बॅटीबद्दल मी आधीच एक चुकीचं वाक्य बोलून बसलो होतो. खेळाडूच्या पुतण्यानं सुरुवातीला मला फोटो पाठवले, तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो, "शोल्डरजवळच्या लाल खुणा चेंडूच्याच दिसतात." (शोल्डर म्हणजे पात्याचे हँडलजवळचे खांदे.) ते वाक्य त्यानं माझा हवाला देऊन पुढं पाठवलं. फोटोत रंग दिसतो, खोली दिसत नाही. हे मला माहीत असूनही मी बोललो. तेव्हा ही दुरुस्ती करणं माझ्याकडे लागत होतं.

खेळाडूचं नाव, मोसम आणि प्रतिस्पर्धी संघ मी इथं लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. एवढं सांगतो की ते मराठवाड्यातले, विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले, पुढं महाराष्ट्राच्या रणजी संघापर्यंत पोचले, आणि आता हयात नाहीत. घरात त्यांच्या पत्नी आहेत. पुतण्या त्यांना काकू म्हणतो, मीही काकूच म्हणत गेलो.

"जवळपास नवीच" या शब्दांनी काय बिघडलं

पुतण्याची नियत वाईट नव्हती. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनच्या लिलावात १ लाख पौंडांना गेली, हे त्यानं कुठं तरी वाचलं होतं. आपल्याकडंही एक बॅट आहे, तिला चार पैसे आले तर काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होईल, असा साधा विचार होता. विकायची वस्तू चकाचक करून विकावी, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं. हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला बैल न्यायचा तर आधी शिंगं साळून त्यांना रंग देतात, अंग धुऊन काढतात, तसंच हे.

पण त्याच बाजारातला जाणता गिऱ्हाईक शिंगांकडं बघत नाही. तो दात बघतो, आणि मानेवर हात फिरवून जुवाचा घट्टा चाचपतो. घट्टा नसेल तर बैल कामाला लावलेलाच नाही. सामन्यात वापरलेल्या वस्तूचा संग्राहक असाच मानेवर हात फिरवणारा असतो. चेंडूचे वण, शिवणीचे ठसे, टोची, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकाची, घासट, ग्रिपवर बोटांनी पडलेले खळगे हे सगळं त्याला हवं असतं. दुकानातल्या बॅटीच्या बाबतीत जो दोष, तोच इथं पुरावा. "जवळपास नवी" म्हटलं की जाणत्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो : मग ही खेळली कधी?

याचा अर्थ प्रत्येक झीज मोलाची असा मात्र नाही, आणि नवखे लोक इथं दुसऱ्या टोकाला जातात. वाळवीनं खाल्लेला कोपरा, उन्हानं पडलेली भेग, पोरांनी अंगणात केलेली मारझोड यांचा सामन्याशी काही संबंध नसतो. ते नुकसान आहे आणि नुकसान म्हणूनच लिहावं लागतं. सगळं कसब आहे ते कोणती खूण कोणत्या काळातली हे वेगळं करण्यात. त्यासाठी खुणा एकावर एक कशा बसल्या आहेत ते बघायचं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. विहिरीच्या काठावर मातीचे थर बघावेत तसं.

परभणी, मे महिना

मनमाड-सिकंदराबाद मार्गावरच्या सकाळच्या गाडीनं गेलो. पारा ४२ च्या पुढं होता. घर जुनं, माळवदाचं. आत शिरल्या शिरल्या ढाळज, तिथंच बॅट एका जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलेली. एरवी ती देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलेली असते. मी ढाळजेतच बसलो, कारण दारातून येणारा उजेड एका बाजूनं तिरपा पडत होता, आणि मला तोच हवा होता.

पुतण्या आधीच म्हणाला, "दादा, खोटं नाही सांगत, पॉलिश पेपर मीच मारला. मोबाईलवर बघितलं होतं जुनी बॅट नवी कशी करायची. खालून सुरुवात केली, काकूनं बघितलं अन् ओरडली."

काकू आतून म्हणाल्या, "मी म्हन्लं, काय करू लालास रे बाबा? त्यांच्या हाताचं सगळं पुसून काढू लालास की."

त्यांनी ओरडून अर्धी बॅट वाचवली. पण खालची अर्धी गेली, आणि दुर्दैव असं की तीच मोलाची. बॅटीच्या पात्यावर जिथं चेंडू सर्वांत जास्त लागतो तो भाग टोपासून साधारण वीतभर वर असतो. तिथंच सगळ्यात जास्त लाल-काळं साचलं होतं, म्हणून पुतण्याला ते सगळ्यात घाण वाटलं, आणि म्हणून त्यानं तिथूनच सुरुवात केली.

मी बघण्याचा एक क्रम ठेवतो. आधी काही न विचारता वस्तू बघतो, टिपणं लिहितो, मग घरच्यांना बोलतं करतो. आधी गोष्ट ऐकली की डोळे त्या गोष्टीला साजेसं तेच शोधायला लागतात.

आधी मापं. एकूण लांबी ८५.४ सेंटिमीटर, पात्याची रुंदी १०.७, कड सर्वांत जाड जागी १८ मिलिमीटर. आजच्या नियमानं रुंदी १०.८ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून कडेला ४० मिलिमीटरची मर्यादा आहे. आजकालच्या बॅटी त्या मर्यादेच्या आसपास घुटमळतात. १८ मिलिमीटरची बारीक कड आणि सपाटसर पाठ ही जुन्या घडणीची लक्षणं. वजन भरलं १,३१२ ग्रॅम. बॅट बारीक आहे, त्या मानानं हे जास्तच. हातात घेतल्यावरही ती अंगापेक्षा जड लागते. का, ते पुढं कळलं.

मग मोजपट्टी टोपासून वर लावून प्रत्येक खुणेची जागा सेंटिमीटरमध्ये लिहीत गेलो. "मध्यभागी थोडे डाग" असं लिहिलेलं वर्णन कुणाच्याही कामाचं नसतं. "टोपासून ३१ सेंटिमीटरवर, उजव्या कडेपासून २ सेंटिमीटर आत, रुपयाएवढी लाल खूण, मध्ये खळगा" असं लिहिलं की दहा वर्षांनी कुणीही मोजपट्टी घेऊन ती खूण शोधू शकतो. आणि ती गायब झाली असेल तर तेही कळतं.

घासलेला भाग टोपासून २७ सेंटिमीटरपर्यंत. तिथं लाकूड उजळ, वरचं लाकूड मधाळ तपकिरी, आणि मध्ये बोटाला जाणवणारी पुसट पायरी. भिंगातून बघितलं तर रेषांना आडवे बारीक ओरखडे. म्हणजे पेपर रेषांच्या दिशेनं नाही, आडवा फिरवलेला. घासलेलं लाकूड उजळ असूनही डोळ्याला कोरं दिसत होतं, एकही लाल खूण नाही. इथंच संग्राहकानं हात टेकले होते.

मी दार अर्धं लोटून घेतलं आणि टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून, आडवा धरून पेटवला. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारी जागा तिरप्या उजेडात खळग्यांनी भरून गेली. कातडी चेंडू नुसता रंग लावून जात नाही, विलोचे, म्हणजे बॅटीच्या लाकडाचे, तंतू दाबतो. पेपरनं रंग गेला होता, दाब पूर्ण गेला नव्हता. मी २३ उथळ खळगे मोजले. त्यांतल्या दोघांत एका वक्र ओळीत बारीक ठिपके होते. ते चेंडूच्या शिवणीचे टाके. टेनिस चेंडूनं असं काही उमटत नाही. तेव्हा या बॅटीनं शिवणीच्या कातडी चेंडूचा मारा झेललेला आहे, आणि जिथं झेलायला हवा तिथंच झेललेला आहे, एवढं त्या क्षणी ठरलं. पुतण्याला मी टॉर्च धरायला दिला. त्यानं बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

घासलेल्या भागाच्या वर, २७ ते ४८ सेंटिमीटरमध्ये, ३८ लाल खुणा शाबूत आहेत. काही कडांजवळ लांबट ओढलेल्या, म्हणजे चेंडू बॅटीवरून घसरत गेला. तेल आणि काळ यांनी त्यांचा लाल रंग आता विटकरी झाला आहे.

त्यांच्यावर, आणि काही ठिकाणी त्यांना झाकून, राखाडी-हिरवट पुसट पट्टे आहेत. खळगा नाही, नुसता रंग. टेनिस चेंडूची लव घासल्यावर असंच उमटतं. विचारलं तर पुतण्यानं मान खाली घातली. शाळेत असताना सुट्ट्यांत तो आणि त्याचे भाऊ याच बॅटीनं गल्लीत खेळले होते. मराठवाड्यात टेनिस चेंडूचं क्रिकेट गावागावांत आहे, जुनी बॅट घरात असताना पोरं ती उचलणार नाहीत तर काय करतील? यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते लिहावं लागतं. "खेळाच्या खुणा" या एका शब्दाखाली रणजीचा चेंडू आणि गल्लीतला चेंडू एकत्र घातले, तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

बॅटीला दोन भेगा. एक टोला, ३४ मिलिमीटर लांब, रेषांबरोबर सरळ गेलेली, कडा स्वच्छ. ही सुकण्याची भेग. बॅटीच्या विलोत साधारण १० ते १२ टक्के ओलावा राखलेला असतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की उघडं लाकूड तो सोडत जातं, आणि टो हा बॅटीचा सर्वांत उघडा भाग. या भेगेत पांढरा, लवचिक गोंद भरला आहे. तो यंदाचाच, पुतण्यानं भरलेला. दुसरी भेग उजव्या कडेला, टोपासून २९ सेंटिमीटरवर, तिरपी, तंतू आत चेपलेले. ही माराची भेग. चेंडू कडेवर बसला की अशी फुटते.

या माराच्या भेगेवर दोऱ्याचे दोन पट्टे बांधलेले आहेत, २८ आणि ३२ सेंटिमीटरवर. बॅट दुरुस्तीवाले बांधतात तसा गुळगुळीत नायलॉनचा दोरा हा नव्हे. जाड सुती, पिळाचा, मेण लावलेला. खाली तपकिरी, ठिसूळ सरस. आणि खालच्या पट्ट्यावरून, दोऱ्याच्या वेढ्यांवरून, एक लाल खूण सलग गेलेली आहे. दोऱ्याचे तीन वेढे त्या जागी चपटे झाले आहेत. ही या बॅटीवरची सगळ्यात बोलकी जागा. दोरा आधी आला, चेंडू नंतर लागला. म्हणजे बॅट फुटली, बांधली गेली, आणि बांधल्यावर पुन्हा कातडी चेंडूवर खेळली गेली. ही दुरुस्ती खेळाच्या काळातली आहे. पांढरा गोंद आणि हा दोरा या दोन्हींना "दुरुस्ती" असा एकच शब्द लावणं म्हणजे घोटाळाच.

लाल ठिपके

राहिले ते शोल्डरजवळचे लाल डाग. भांडण त्यांच्यावरूनच होतं. समोर तीन, पाठीवर पाच. हातात घेऊन बघितल्यावर माझं फोनवरचं वाक्य किती उतावळं होतं ते कळलं. पाठीवर चेंडू लागत नाही. समोरच्या तीनही डागांखाली खळगा नाही. आकार गोल, बोटाच्या टोकाएवढा, एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर. कडेला जाडसर थर, एकावर एक चढलेला. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च लावला तर लाल डागांच्या भोवती हिरवट-पिवळी चमक उठली. संग्राहक बरोबर होता, हे चेंडूचे डाग नव्हतेच. हा रंग हातानं लावलेला होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी त्या डागांवर बोट न टेकवता विचारलं, "काकू, हे काय असेल?"

"ते होय? खंडेनवमीचं कुकू हाय ते. ते असताना सोताच पुजायचे. घरातलं विळा, कुदळ, तराजू मांडायचो आपन, त्यात त्यांची बॅट बी मांडायची. हळद-कुकू लावायचं, फूल व्हायचं. आता मी लावते. एक बी साल चुकलं नाही बगा."

जांभळ्या टॉर्चखाली हळद हिरवट-पिवळी चमकते. पाच बोटांचे पाच ठिपके पाठीवर, तीन समोर, आणि वर्षानुवर्षांचे थर एकावर एक.

वजनाचं कोडंही तिथंच सुटलं. पूजेच्या आदल्या दिवशी दर वर्षी बॅटीला जवसाचं तेल लावायचा नेम. नव्या बॅटीला कच्चं जवसाचं तेल लावतातच, विलो कोरडी पडू नये म्हणून. आपल्या भागात रब्बीला जवस पेरायचे, घाण्यावरचं तेल घरात असायचं, बाजारात शोधायची गरज नव्हती. पण बॅटीला हलका हात पुरतो. काकूंनी तीसेक वर्षं वाटीभर तेल मुरवलं. लाकूड गडद झालं, जड झालं, पात्याची समोरची बाजू (फेस) नखाला मऊ लागते, आणि हँडल जिथं पात्यात पाचरीसारखं बसवलेलं असतं त्या सांध्याजवळ तेल सुकून चिकट पिवळा पापुद्रा बनला आहे. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर इतक्या कोरड्या उन्हाळ्यांत या बॅटीला टोची एकच सुकी भेग पडली, याचं श्रेय बहुतेक त्याच तेलाला आहे. हे माझं अनुमान आहे आणि मी ते वर्णनात घातलं नाही.

मी संग्राहकाला ढाळजेतूनच फोन लावला. कुंकू म्हटल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी त्या लोकांना खोटं ठरवलं हो." त्यानं काकूंना फोन द्यायला सांगितलं आणि त्यांची माफी मागितली. लगेच त्यानं विचारलं की कुंकू पुसून घेता येईल का, म्हणजे मूळ लाकूड दिसेल. मी नको म्हणालो. तेल आणि कुंकू लाकडात एकत्र मुरलेलं आहे, पुसताना लाकडाचा वरचा थरही जाईल. आणि समजा गेलं नाही, तरी पुसणं हीसुद्धा एक दुरुस्ती झाली असती. एकदा कुणी तरी ही बॅट स्वच्छ करायला निघालंच होतं, त्याचं काय झालं ते आम्ही टॉर्च धरून बघत होतो.

स्वच्छ करण्याचा मोह फक्त परभणीत होतो असं नाही. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं तंबाखूच्या पाकिटातलं जुनं कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. पुढं ज्या लिलाववाल्यानं ते आधी बाजारात आणलं होतं, त्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की कार्डाच्या कडा त्यानं कापून नीट केल्या होत्या आणि ते लपवलं होतं. कडा कापलेलं कार्डही माणसं घेतात, पण तसं सांगून. पुतण्याचा पॉलिश पेपरही असाच बघायला हवा. चूक झाली, ती लिहिली, की तो बॅटीच्या इतिहासाचा भाग. लपवली असती तर बाकीच्या सगळ्या खऱ्या खुणांवरचाही विश्वास गेला असता.

"त्या" सामन्यातली?

घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे एका रणजी सामन्यातलं अर्धशतक याच बॅटीनं झालं. काकूंकडं त्या मोसमातलं वर्तमानपत्राचं कात्रण आहे. त्यातल्या फोटोत ते बॅट उगारून उभे आहेत. मी भिंगातून बघितलं. जुन्या छपाईचा फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी, मोठं करावं तसे ठिपके मोठे होतात, तपशील वाढत नाही. लाकडाच्या रेषा प्रत्येक बॅटीच्या वेगळ्या असतात, हाताच्या रेषांसारख्या. त्या दिसल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. दिसत नाहीत. पात्यावर दोन फिकट आडवे पट्टे मात्र दिसतात, आणि फोटोतल्या पात्याच्या लांबीशी प्रमाण लावलं तर ते साधारण दोऱ्याच्याच उंचीवर येतात. हे जुळतं. पण दोऱ्यानं बांधलेल्या बॅटी तेव्हा अनेकांकडं असत. धावफलकावरून ते खेळले आणि त्यांच्या धावा किती हे कळतं, हातात कोणती बॅट होती हे कळत नाही.

इथं घरचे थोडे नाराज झाले. मला ते समजतं. पण मोठ्या वस्तूंनाही यातून सुटका नाही. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात माराडोनानं घातलेला शर्ट २०२२ मध्ये लंडनला ७१ लाख पौंडांवर गेला, तेव्हा त्याच्या मुलीनंच म्हटलं होतं की हा पहिल्या अर्धातला शर्ट आहे, गोल झाले तेव्हाचा नव्हे. लिलाववाल्यांना सामन्याच्या फोटोंशी शर्टाचे बारीक तपशील जुळवून दाखवावे लागले. एकाच सामन्यातले दोन अर्ध वेगळे करायला इतका आटापिटा लागतो, तर ठिपक्यांच्या एका कात्रणावर मी छातीठोक कसं लिहावं?

म्हणून वर्णनात मी तीनच क्रियापदं वापरतो आणि ती एकमेकांत मिसळू देत नाही. "आहे" म्हणजे मी मोजलं, कुणीही मोजावं. "दिसतं" म्हणजे खुणांवरून निघणारा अर्थ, दुसऱ्या जाणकारानं तो तपासावा. "सांगतात" म्हणजे घरच्यांचा शब्द. काकूंच्या शब्दाला मी कमी लेखत नाही, कुंकवाचा उलगडा त्यांच्याच शब्दानं झाला. पण तो शब्द कुणाचा आहे हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

परतण्याआधी एक चांगली गोष्ट घडली. पुतण्यानं बॅटीला नवी ग्रिप चढवली होती. जुनी काय केली म्हणून विचारलं, तर त्याला वाटत होतं कचऱ्यात गेली. काकूंनी पत्र्याच्या पेटीतून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, ती काढून दिली. रबर कडक झालेलं, दोन जागी फाटलेलं, आणि त्यावर खालच्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं पडलेला घासलेला खळगा. तो मी फोटोत घेतला आणि ग्रिप सुती फडक्यात वेगळी बांधली. ती पुन्हा चढवू नये असं सांगितलं, ताणली तर तुटेल.

वर्णन

रात्री लिहून काढलं ते असं.

"क्रिकेट बॅट, विलोची, जुन्या घडणीची. लांबी ८५.४ सेंमी, वजन १,३१२ ग्रॅम. कातडी चेंडूवर बऱ्याच प्रमाणात खेळलेली दिसते : टोपासून २७ ते ४८ सेंमीमध्ये ३८ लाल खुणा आहेत. ० ते २७ सेंमीचा फेस विक्रीआधी पॉलिश पेपरनं घासलेला आहे, तिथला रंग गेला आहे. तिरप्या उजेडात २३ खळगे आहेत, पैकी २ मध्ये शिवणीचे ठसे आहेत. तिथं मूळ खुणा किती होत्या ते आता ठरवता येत नाही.

उजव्या कडेला २९ सेंमीवर माराची भेग आहे. तिच्यावर २८ आणि ३२ सेंमीवर सुती दोऱ्याचे, सरस लावलेले दोन पट्टे आहेत. खालच्या पट्ट्यावरून चेंडूची खूण गेली आहे, म्हणून ही दुरुस्ती खेळाच्या काळातली दिसते.

खेळानंतरच्या गोष्टी : टेनिस चेंडूचे पट्टे (घरातली मुलं खेळली असं सांगतात). टोला ३४ मिमी सुकी भेग, यंदा पांढऱ्या गोंदानं भरलेली आहे. जवसाच्या तेलाचा जादा थर आहे, लाकूड गडद व मऊ आहे. शोल्डरला समोर ३ व पाठीवर ५ लाल ठिपके आहेत. हे हळद-कुंकू आहे, दर खंडेनवमीला लावलं जातं असं सांगतात. पुसू नये. ग्रिप नवी आहे, जुनी फाटकी ग्रिप सोबत वेगळी दिली आहे.

रणजी सामन्यात वापरली असं कुटुंब सांगतं. वर्तमानपत्रातल्या फोटोतले दोन पट्टे दोऱ्याच्या जागेशी जुळतात. ठरावीक सामना यावरून सिद्ध होत नाही."

"उत्तम", "चांगली", "ठीक" असा एकही शब्द त्यात नाही. श्रेणी द्या असा आग्रह संग्राहकानं धरला होता. अमेरिकेत बेसबॉलच्या बॅटींना दहापैकी गुण देतात, पण तिथं त्यासाठी कारखान्याच्या जुन्या नोंदीही तपासल्या जातात. तसं काही हाताशी नसताना मी नुसता आकडा दिला असता तर लोकांनी आकडाच वाचला असता, वर्णन नाही.

संग्राहकानं वर्णन वाचून १५,००० सांगितले, जुन्या ग्रिपसह. पुतण्याला ते पटलं. बॅट मृग लागायच्या आत पाठवायची ठरली, प्लास्टिकमध्ये नाही, सुती कापडात. परभणीच्या कोरड्या घरातून पुण्याच्या पावसाळी हवेत गेलेलं लाकूड ओलावा घेतं, तेव्हा पहिले काही आठवडे ती बंद कपाटात नको, हवेशीर खोलीत आडवी ठेवा, असंही कळवलं.

कागदावर सही करण्याआधी काकू म्हणाल्या, मला वाचून दाखवा. पुतण्यानं सगळं सावकाश वाचलं. पॉलिश पेपरचं वाक्य तो स्वतःच मोठ्यानं वाचून गेला. काकू ऐकत होत्या, दोऱ्यापाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"तो दोरा त्यांनी नाही बांधला. मी बांधला."

आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत राहिलो.

"गोधडीचा दोरा हाय तो. सकाळच्या गाडीनं त्यांना पुन्याला जायचं होतं, अन् बॅट चिरलेली. रातच्याला कुठं दुकान? मेन लावून मीच वेढे घातले, सरस त्यांनी लावला. परत आले तर म्हन्ले, तुझा दोरा टिकला."

मी वर्णनात ओळ वाढवली : "पट्टे खेळाडूच्या पत्नीनं गोधडीच्या दोऱ्यानं, सामन्याच्या आदल्या रात्री बांधले असं त्या सांगतात." खाली तारीख घातली. मग काकूंनी सही केली.